सगळ्यांचा जन्म एक जुलैचा

बाबा,

काल ऑफिसात एका नव्या कैदी बाईचं वॉरंट माझ्या टेबलावर आलं. जन्मतारखेच्या जागी एक जुलै. मी पेन खाली ठेवलं, उठले, पाणी पिऊन आले. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तर ऐका. इतकी वर्षं मी जेलच्या कचेरीत बसून दर महिन्याचा तक्ता भरते आहे. पुरुष किती, बायका किती, नुकती अठरा ओलांडलेली किती, साठीच्या वरची किती. त्यांतल्या ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा जन्म एक जुलैलाच झालेला असतो. शेजारचा बाबू हसून म्हणतो, काय मॅडम, या तारखेलाच सगळे गुन्हेगार जन्मतात का? मला हसू येत नाही. एक जुलैला शाळा उघडायची आणि टेबलामागं तुमच्यासारखा एखादा मास्तर रजिस्टर उघडून बसायचा, हे त्याला कोण सांगणार.

तुमची पद्धत मी पुढं दरवर्षी पाहिली. पोरगं समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचं. बोटं कानाला लागली की वय भरलं. आईबापांना तारीख विचारायचात खरं, पण ती लिहायचा नाहीत. कोणी म्हणायची गोटमारीच्या जत्रेच्या आठ दिवस आधी, कोणी म्हणायची संत्र्याचा मृग बहार तुटत होता तेव्हा. तुम्ही हसायचात आणि लिहायचात, एक जुलै. माझ्या दूधबहिणीला तिची आई, म्हणजे मी जिला मावशी म्हणते ती, घेऊन आली तेव्हा पोर जेमतेम चार वर्षांची होती. मावशीला दिवसभर कापूस वेचायला जायचं असायचं, पोर ठेवायची कुठं? आणि तुम्हाला पहिलीचा पट भरायचा होता. हात कानाला पुरत नव्हता. तुम्ही तिची मान जराशी तिरपी केलीत. हे मावशीच सांगायची, तेही कौतुकानं. ‘गुरुजीनं मान वाकवली अन् माह्या पोरीचं नाव शाळेत लागलं.’ पाच वर्षं पूर्ण, असं तुम्ही लिहिलंत. एका फटक्यात ती नऊ महिन्यांनी मोठी झाली.

आता माझी गोष्ट. मी तिच्याहून दीड महिन्यानं लहान. ती हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधीची, गावातले लोक जामसांवळीच्या मारुतीला निघाले होते तेव्हाची, आणि मी त्याच वर्षीच्या वैशाखातली. आईला बाळंतपणात ताप भरला, दूध आटलं, आणि मावशीनं एका मांडीवर तिला, एका मांडीवर मला घेऊन पाजलं. पण स्वतःच्या मुलीला तुम्ही दोन वर्षं नुसतंच वर्गात बसवलंत, रजिस्टरात घेतलं नाहीत. घेतलंत तेव्हा सहा वर्षांच्या मुलीची पाच लिहिलीत. ‘सरकारी नोकरीत पुढं कामी येते,’ असं आईला म्हणाला होतात. आपला तो बाब्या. त्यामुळं एकाच अंगावर प्यालेल्या आम्ही दोघी, कागदावर ती माझ्यापेक्षा बरोबर दोन वर्षांनी मोठी. लहानपणी आम्हाला याची गंमत वाटायची. ती मला वेणी ओढून दटावायची, ‘मी मोठी आहो तुह्यापेक्षा, रजिस्टरात पाहाय.’

पाचवीनंतर तिची शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी लोधीखेड्याकडं लग्न लागलं. मी सौंसरला मामाकडं राहून शिकत होते. सुट्टीत घरी आले की मावशीकडून कळायचं, नवरा बरा आहे, पण दिराचे डोळे चांगले नाहीत. मग चौऱ्याऐंशी साल लागलं, जानेवारी महिना. भर दुपारी, घरचे सगळे वावरात गेलेले असताना, दीर तिच्या अंगावर गेला. तिच्या हाताशी मुसळ होतं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात मेला. सासूनं पोलिसांत सांगितलं, जेवायला वाढण्यावरून भांडली आणि मारलं. नवऱ्यानं आईच्या शब्दावर अंगठा उठवला. त्या दिवशी तिला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते. तुमच्या रजिस्टरात तिला अठरा पूर्ण होऊन सहा महिने झाले होते.

वकील गरीब बिचारा, पण चांगला होता. त्यानं आपल्या ओसरीवर बसून सगळं समजावून सांगितलं, मीही ऐकत होते. मुलगी अठराच्या आतली ठरली तर तिला जेलमध्ये टाकता येत नाही, मुलींच्या सरकारी गृहात पाठवतात, तिथं शिकवतात, काही काळानं सोडतात. अठराच्या वरची ठरली तर बाई. बाईला सक्तमजुरी. ‘गुरुजी, तुम्ही फक्त एवढंच सांगा की तारीख अंदाजानं लिहिली. खोटं नाही सांगायचं, खरं सांगायचं आहे.’ तुम्ही त्याला चहा पाजलात आणि पाहू म्हणालात.

मावशी दुसऱ्या दिवशी आली. ओसरीवर बसली नाही, सरळ स्वयंपाकघरात आली, कारण त्या घरात ती मला पाजायला पहिल्यांदा आली तेव्हाही तिथंच बसली होती. तुम्ही पाटावर जेवत होतात, आई भाकरी थापत होती. मावशी रडली नाही. म्हणाली, ‘गुरुजी, तुमच्या पोरीले मी पाजलं तवा माही पोरगी दीड महिन्याची होती. हे तुमाले माहीत आहे, बाईले माहीत आहे. मंग कोर्टात सांगाले काय होऊन राहिलं?’ तुम्ही भाजी कालवत राहिलात. ‘रजिस्टर सरकारी असते,’ तुम्ही म्हणालात. ‘एक तारीख खोटी म्हटली की सगळ्याच खोट्या पडतात. माही नोकरी जाईन.’ आईचा हात तव्यावर थांबला. ‘सांगून द्या नं जी. लेकरू आहे थे.’ आईनं तुम्हाला उलट बोललेलं मी तोवर आयुष्यात ऐकलं नव्हतं. तुम्ही ताट सरकवलंत आणि म्हणालात, ‘तू कोर्टाची पायरी चढली, त या घराची चढाची नाही.’ मावशी उठली. जाताना तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला. कोणाचं सांत्वन कोण करत होतं, देव जाणे.

कोर्टात काय झालं ते मावशीनंच नंतर आईला सांगितलं. जजसाहेबांनी तिला वय विचारलं. ती म्हणाली, ‘मले नाही माहीत जी. गुरुजीले इचारा, त्यायले सारं माहीत आहे.’ आणि मग तुम्ही पिंजऱ्यात गेलात, कडक इस्त्रीचा सदरा, काखेत रजिस्टर. वकिलानं विचारलं, तारीख कशावरून लिहिली? तुम्ही कोर्टाच्या हिंदीत म्हणालात, ‘माँ ने जैसा बताया, वैसा लिखा. जो लिखा है, सही है.’ तिची मान तिरपी करणारे तुम्ही, आणि खोटं पडलं मावशीच्या पदरात! निदान काखा वर केल्या असत्या, आठवत नाही म्हणाला असता, तरी मी तुम्हाला थोडी माफी दिली असती. तिला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन पाय धुतलेत आणि विचारलंत, भाजी काय केली.

मी जेल खात्यात लागले तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. ती तेव्हा अजून आतच होती, दुसऱ्या जिल्ह्याच्या जेलात. मी पहिला तक्ता भरला तेव्हा मला कळलं, बायकांचा रकाना म्हणजे काय. पुरुषांसाठी बराकी वेगवेगळ्या, कच्चे कैदी वेगळे, पोरसवदा वेगळे. बायकांना एकच खोली. त्यातच खटला चाललेली, त्यातच शिक्षा झालेली, त्यातच डोकं फिरलेली म्हातारी आणि अंगावर पिणारं पोर घेऊन आलेली. संख्या थोडी म्हणून सोय थोडी, असा हिशेब. पुढं कुठं एका खोलीच्या दोन झाल्या, तर त्या बायकांना मोकळं वाटावं म्हणून नाही, बायका वाढल्या म्हणून. शिक्षांचंही मी पाहते आहे. दारू पिऊन भावाला कुऱ्हाड घालणाऱ्याच्या निकालात ‘रागाच्या भरात’ लिहिलेलं असतं. बाईनं हात उचलला की ‘निर्दयपणे’ लिहितात. तरण्या पोरीला तर कोणी विचारतच नाही तिच्या हातात मुसळ का होतं. त्यांच्या घरून भेटायलाही कोणी येत नाही, पुरुषांच्या बायका येतात डबे घेऊन, बायकांचे पुरुष येत नाहीत. या सगळ्या बायकांत मी तिला शोधत असते, आणि ती सापडू नये असंही मला वाटत असतं.

शिक्षेत सूट मिळून ती सुटली तेव्हा तेविशीत होती. तुरुंगाचा निम्मा खोकला ती घरी घेऊन आली. सासरनं दार लावून घेतलं होतं. मावशीसोबत ती संत्र्याच्या पेट्या भरायला जायला लागली. आणि तुम्ही गेलात त्या दिवशी ती आली, बाबा. अंगणात बायकांच्या मागं उभी राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, आणि खरं सांगते, बोलावं असं मला वाटत होतं. माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, ‘मले शाळेत त्यायनंच टाकलं होतं. सही कराले आली त त्यायच्यामुळं.’ तिनं पदर डोळ्यांना लावला. तुमच्यासाठी! मला तुमची चीड आली, तिचीही आली. तिला तुमच्यावर रागावण्याचा हक्क होता आणि तिनं तो वापरला नाही, म्हणून तो सगळा माझ्याकडं आला. गेली कित्येक वर्षं मी तो वाहते आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, तेव्हा आता राहिलेलंही लिहून टाकते. माझ्या जन्माची दवाखान्यातली चिठ्ठी आईनं डब्यात जपून ठेवली होती. खरी तारीख, खरं साल, डॉक्टरची सही. वकील म्हणाला होता, ही चिठ्ठी आणि मावशीचं दूध, दोन्ही पुढं आलं तर रजिस्टर टिकत नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी आईनं ती माझ्या हातात दिली. ‘मले जाता येत नाही, तू जाय,’ एवढंच म्हणाली. संध्याकाळी तुम्ही ती माझ्या हातात पाहिलीत. मी आजवर आईला, मावशीला, माझ्या नवऱ्याला, सगळ्यांना हेच सांगत आले की तुम्ही मला अडवलंत. आई तर मरेपर्यंत त्यावर तुम्हाला बोलत राहिली आणि तुम्ही एकदाही तोंड उघडलं नाहीत. माझ्या बोर्डाच्या फॉर्मवर तुम्ही दिलेली तारीख चढली होती, बाबा, चिठ्ठीनं तीही खोटी पडली असती, आणि मला नोकरी हवी होती. तुम्ही चिठ्ठीकडं पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, ‘तुले जायचं असंल त जाय. मी काही म्हणत नाही.’ मी चिठ्ठी डब्यात परत ठेवली आणि तुमच्यासाठी चहा टाकला.