चोरपांगरी म्हणायचं नाही

२१ नोव्हेंबर २००५, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या मोठ्या चॅनेलवर गेलो की पांढरकवड्याचे हे दिवस विसरले जातील, म्हणून.

बुलेटिनमध्ये आज किरकोळ घटना. गफ्फारभाईंच्या लोकल केबलवर रोज संध्याकाळी सातला मी बातम्या वाचतो. त्यात एक ओळ आली, ‘चोरपांगरीत चोरी’. विहिरीवरची मोटर गेली होती. ‘चोरपांगरीत’पर्यंत मी व्यवस्थित होतो. ‘चोरी’ला हसू फुटलं. थोडंसंच. कॅमेरा गफ्फारभाईंची मुलगी अतिया सांभाळते. ती म्हणते, सर, तुम्ही हवामान संपेपर्यंत हसत होता. तिला अनुभव कमी आहे.

२२ नोव्हेंबर
केबलच्या दुकानात फोन आला. चोरपांगरीचा एक जण बसस्टँडवर पानठेला चालवतो, त्याचा. गफ्फारभाईंना विचारत होता, “हसला कायले?” एवढंच. शिवी नाही, काही नाही. शिवी असती तर मी निश्चिंत झालो असतो.

उर्वशीला सांगितलं. ती म्हणाली, जा, त्याच्याकडचं एक पान खाऊन या, मिटेल. पानात तो काय घालेल याचा विचार बायकोने करायला हवा, पण नाही.

संकल्प: कॅमेऱ्यासमोर हसायचं नाही. बसस्टँडकडून जायचं नाही. सकाळी प्राणायाम.

२४ नोव्हेंबर
प्राणायाम उद्यापासून. आज एक जीप माझ्या मागून हळूहळू येत होती. मी गल्लीत वळलो. जीपही वळली. मी टेलरच्या दुकानात शिरलो आणि उगाच शर्टाचं माप दिलं. जीप गॅस सिलिंडरची निघाली. शर्ट शिवायला टाकला आहे.

२६ नोव्हेंबर
उपाय सापडला. दोष माझ्या हसण्याचा नाहीच, नावाचा आहे. टीव्हीवर अख्ख्या गावाला चोर म्हणायचं म्हणजे काय? मोठ्या चॅनेलवर अशी संवेदनशील नावं जपून हाताळत असणार. मीही हाताळणार. ‘चोर’ गाळायचा, नुसतं ‘पांगरी’ म्हणायचं. गावाचा मान राहतो आणि मला हसू येत नाही.

अतिया म्हणाली, पण सर, पांगरी हे वेगळं गाव आहे ना, कळंबच्या रस्त्याला? चोरपांगरी तर उलट्या बाजूला, मुकुटबनकडे. मी म्हटलं, संदर्भाने समजतं. प्रेक्षक हुशार असतो.

२९ नोव्हेंबर
आज कसोटीच होती. चोरपांगरीला परवापासून सरकारी कापूस खरेदी केंद्र सुरू होतंय. यंदा व्यापारी भाव पाडून बसलेत, घराघरात कापूस पडून आहे, त्यामुळे सगळा तालुका या बातमीची वाट पाहत होता. मी गंभीर, किंचित भारलेल्या आवाजात वाचलं, “परवापासून पांगरी येथे कापूस खरेदी.” हसू नाही. महत्त्वाची म्हणून पुन्हा एकदा वाचली.

उर्वशी म्हणाली, आवाज मोकळा लागला. म्हणजे शब्दशः ती ‘सर्दी गेली वाटते’ म्हणाली.

१ डिसेंबर
कापसाच्या गाड्या पांगरीला गेल्या. कळंबच्या रस्त्यावरच्या पांगरीला. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सगळं शाळेच्या मैदानात उभं, आणि पांगरीवाल्यांना कशाचाच पत्ता नाही. तिकडे चोरपांगरीत वजनकाटा मांडून कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर दिवसभर खुर्चीत बसून होता. एक गाडी आली नाही. असंच राहिलं तर केंद्र दुसरीकडे हलवू, असं तिथले साहेब बोलून गेलेत.

हे मला गफ्फारभाईंनी सांगितलं. अगदी शांतपणे. गफ्फारभाई शांत बोलले की मले लय भेव लागते.

लिहिताना भाषा घसरली. मला फार भीती वाटते.

चोरपांगरीच्या सरपंच सत्यभामाबाई उद्या माणसं घेऊन येणार आहेत. कशाला, ते कोणी सांगत नाही.

२ डिसेंबर, कळंब
चिंतामणीच्या दर्शनाला आलोय. पळून आलेलो नाही. पहिली एसटी पकडली ती गर्दी टाळायला. इथे जिच्याकडे उतरलोय त्या विमलमावशीने विचारलं, दर्शनाला एवढी बॅग? मी म्हटलं, देवाच्या दारी माणसाने तयारीनं जावं.

प्रवास वाईट झाला. पांगरीवरून परतणाऱ्या गाड्यांत एसटी अडकली. दोन्ही बाजूंना कापूसच कापूस. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळला. एक गाडीवान नेमका माझ्या खिडकीशी येऊन थांबला. बैल दमलेले, तोही. मला म्हणाला, “केबलवाल्यानं पांगरी सांगतली, भाऊ. रातभर बैलं उभे हायेत. थो एकडाव भेटला पाह्यजे.”

मी म्हटलं, भेटला पाह्यजे.

त्यानं मला बिडी देऊ केली. मी ओढत नाही, पण घेतली. दुपट्टा काढता येईना म्हणून नुसती हातात धरून बसलो.

३ डिसेंबर, दुपार
मावशीच्या शेजाऱ्यांकडे उर्वशीचा फोन आला. सत्यभामाबाई काल घरी आल्या, चहा घेऊन गेल्या. आज परत आल्यात आणि आता उठत नाहीत. उर्वशीने त्यांना वांगी चिरायला दिली आहेत. म्हणाली, येताय, की त्यांना रात्रीचं जेवायला ठेवू?

निघालो. एसटीत मुद्दे काढले. ‘चोर’ म्हणजे लपलेला. चोरकप्पा, चोरवाट. म्हणजे चोरपांगरीत पूर्वी एखादा लपलेला झरा असणार. उत्तम मुद्दा. याने जमाव शांत होईल.

३ डिसेंबर, बुलेटिननंतर
जमाव नव्हता. माझ्या आईच्या वयाच्या सत्यभामाबाई आणि त्यांच्यासोबत दोन म्हातारे. मी झऱ्याचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, “झरा नाही, बाबू. माह्या सासऱ्याचा आजा बैलं चोरे. मोठा चोर होता. त्याच्यावरून नाव पडलं. तुले काय तरास हाये?”

मी म्हटलं, तुमच्या मानाचा प्रश्न होता.

“मान आमचा हाये ना? मंग तू काहून झाकतं?” त्या ओरडल्या नाहीत. “तू हसला म्हने, तवा मले काही वाटलं नाही. लोकं हसतेतच. पन दोन वर्सं मी त्या केंद्रासाठी चकरा मारल्या. सायबाच्या दाराशी बसली. आन् केंद्र आलं, त तू दुसऱ्याच गावाचं नाव घेतलं.”

यावर मुद्दा काढलेला नव्हता.

त्यांची मागणी एकच होती. आज सातला पूर्ण नाव घ्यायचं. त्या समोर बसून ऐकणार.

बसल्या. कॅमेऱ्याला लागून, स्टुलावर. हसू अजिबात नव्हतं. तोंडात थुंकीही नव्हती. मी “चो” म्हटलं आणि थांबलो. पुन्हा “चो” म्हटलं. मग अतिया कॅमेऱ्यामागून आली, माझ्या हातातला कागद घेतला, बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, “चोरपांगरी येथे कापूस खरेदी सुरू आहे. पांगरी नव्हे, चोरपांगरी.” कळंब म्हणावं, केळापूर म्हणावं, तसं. सत्यभामाबाई म्हणाल्या, “आनखी एकडाव, बेटा.” तिनं पुन्हा वाचलं. मी तोवर फ्रेममध्ये बसून होतो.

दोन निवेदकांची पद्धत मोठ्या चॅनेलवर आहेच. कल्पना तशी माझीच.

५ डिसेंबर
गाड्या चोरपांगरीला लागल्या. केंद्र हललं नाही.

गफ्फारभाई म्हणाले, प्रफुल्लभाई, गळ्याला थोडा आराम द्या, काही दिवस अतिया वाचेल. योग्य निर्णय. गळा हे आमचं भांडवल.

आणखी एक कळलं. चोरपांगरीत केबलच नाही. सत्यभामाबाईंनी जाताना गफ्फारभाईंकडे तेच मागितलं. म्हणजे त्या पानठेलेवाल्याशिवाय गावात मला कोणी पाहिलेलंच नव्हतं. हे आधी कळतं तर मी नावाला घाबरलोच नसतो. चोरपांगरीपर्यंतच्या विस्ताराचं काम गफ्फारभाईंनी माझ्यावर सोपवलं आहे. हे मोठं पद दिसतंय.

१७ डिसेंबर, चोरपांगरी
विस्तार म्हणजे वायर ओढणे. खांबावर चढायला लागेल हे आधी सांगितलं नव्हतं.

सकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या शेवटच्या खांबावर होतो. शिडी हलते. खाली पाहवत नाही. एका आजोबांना शिडी धरायला लावलं होतं. जोडणी झाली आणि ग्रामपंचायतीतल्या टीव्हीवर कालच्या बातम्या पुन्हा लागल्या. अतिया बोलत होती. दारात बरीच माणसं जमली. सत्यभामाबाईंनी आवाज वाढवायला सांगितला.

आजोबांनी विचारलं, “कोन गावचा बाप्पा तू?”

म्हटलं, पांढरकवड्याचा. बातम्या मीच वाचत होतो.

त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. म्हणाले, “नाही, थे पोरगी वाचते.” मग त्यांना ती नीट बघायची होती. म्हणाले, “शिडी सोडू काय?”

मी म्हटलं, नोका सोडू.