परत केलेला डबा

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. दहाव्याला सगळ्या रडल्या, मी नाही. थोरली जाऊ गेली आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, असं बायका म्हणाल्याही असतील. मला काही जाणवतच नव्हतं. अजूनही फारसं नाही. पण काल तुमच्या सुनेनं, मनीषानं, एक गोष्ट सांगितली. ती तुमच्याशीच बोलायची होती. आता कुठे बोलू? म्हणून लिहितेय.

चौदा वर्षांपूर्वी मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. नागापूरच्या कंपनीत माझी नोकरी, घरात दोन लहान मुलं. आम्ही दोघांनी ठरवलं, नको. तुम्ही गावाहून केडगावला आलात आणि उंबऱ्यातूनच म्हणालात, "आलेला जीव हाय सुनंदा. पाप लागंल." मीही ऐकवलं, "पोट माझं आहे अक्का. तुमचं पाप तुमच्यापाशी ठेवा."

किती वाईट बोलले मी!

दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी भावजींच्या हाती तुमचा स्टीलचा डबा आला. आत हाळिवाचे लाडू. बाळंतिणीचे लाडू! माझ्या मांडीवर बाळ नाही हे दाखवायलाच पाठवलेत, असं वाटलं मला. आपल्याकडे रिकामा डबासुद्धा परत करत नाहीत, चमचाभर साखर तरी घालतात. मी लाडवांसकट परत केला.

तुम्ही तेव्हाच का नाही हो भांडलात? नंतर किती लग्नांत भेटलो, एकमेकींना हळदीकुंकू लावलं. विषय तुम्ही काढला नाहीत. मी तरी कुठे काढला?

काल गावी गेले. मनीषाला पुन्हा दिवस गेलेत, दोन महिने झालेत. पहिलं लेकरू जेमतेम दहा महिन्यांचं, अजून अंगावर पितंय. ओसरीवर वाद पेटला होता.

"आपल्या घरात असलं चालायचं न्हाई," भावजी म्हणाले.

"आप्पा, दोन तान्ही सांभाळायची कुणी? तुमी?" तुमचा महेश.

"व्हय, मी! चार म्हशी सांभाळतो की."

मीही पदर खोचून महेशच्या बाजूनं बोलत होते. जिच्यावरून हे चाललं होतं ती आत आमच्यासाठी चहा गाळत होती.

कप आणायला आत गेले तर मनीषा हळूच म्हणाली, "काकू, आत्याबाईंचे लाडू तुमी परत का केले?"

तुम्ही शेवटच्या आजारात तिला सगळं सांगितलंत म्हणे. महेशच्या आधी तपासणीत मुलगी निघाली, तेव्हा सासूबाई तुम्हाला पोट पाडायला दवाखान्यात घेऊन गेल्या. तुम्हाला कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी धारा काढायला बसवलं. "लेकरू न्हाई तर लाडू कशाला," असं घरचे म्हणाले. म्हणून माझ्यासाठी तुम्ही हाळीव भिजवलात. "सुनंदाचं मला पटलं न्हाई, पन तिचं अंग बी दुखत आसंलच की," असं म्हणाला होतात.

अक्का, मी तेव्हा चुकले असं मला आजही वाटत नाही. तुम्हालाही माझं कधी पटलं नसतं. पण लाडू खाता आले असते.

मी मनीषाला विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"आधी दोन दिवस झोपू द्या काकू. मग सांगते."

ओसरीवर जाऊन सांगितलं, पोरीला नि लेकराला मी केडगावला नेतेय. तिचं तीच ठरवील, तोवर कुणी फोन करायचा नाही. भावजी म्हणाले, "आन् आमचा चहा?" म्हटलं, "गॅस तिथंच हाय."

येताना तुमचा डबा मागून आणलाय. झाकणावर तुमचं नाव कोरलेलं आहे. आता तो माझ्या ओट्यावर आहे आणि मनीषा आतल्या खोलीत झोपलीय. काल संध्याकाळपासून फक्त लेकराला पाजायला उठते.

ती उठून काय सांगेल, मला माहीत नाही. ठेवते म्हणाली तर बाळंत झाल्यावर, नाही म्हणाली तर दवाखान्यातून आल्या दिवशी, तुमच्या याच डब्यात मी तिला हाळिवाचे लाडू करून देईन. भावजी काही म्हणोत, मला स्वतःला काही वाटो.

तुमच्यासारखे व्हायचे नाहीत. गूळ किती घालता, ते विचारायचं राहिलं.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा