तिसरं मत

दि. ९ मार्च, रविवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता तिचं ऐकतो, ती मात्र माझं ऐकत नाही. तुझे भावजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुड करतात. डबे नीट लावून देतो म्हणाले आणि साखर कुठे ठेवली ते आता त्यांनाही आठवत नाही.

बरं, मुद्द्याचं लिहिते. आईने बाबांचं दुकान विकलं, त्यातला मोठा वाटा चांगल्या संस्थेला द्यायचाय, हे तुला माहीत आहेच. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "धाकटीच्या संस्थेलाच देऊन टाकू. मोडक्या व्हीलचेअर दुरुस्त करून घरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढते पोरगी." तिने फ्रिजवर तुझं पेपरातलं कात्रण लावलंय. मी गिरणीत एकतीस वर्षं कापड तपासलं, माझा निरोपसमारंभाचा फोटो त्या कात्रणाखाली झाकला गेलाय. माझे नुसते बूट दिसतात.

मी म्हटलं, "घरची म्हणून द्यायचं नाही. त्रयस्थ लोक संस्थांची तपासणी करून तारे देतात, ते बघून ठरवू." आईला पटलं. "तुझी नजर तपासणीची, तूच बघ," म्हणाली.

बघितलं. तुझ्या नावापुढे ताऱ्यांची जागा रिकामी. 'मूल्यांकन अपूर्ण.' आई हिरमुसली. मी वर साळसूदपणे म्हटलं, "तिला कागदपत्रांचा पहिल्यापासूनच कंटाळा." मग चार ताऱ्यांची एक संस्था आम्ही निवडली. येत्या गुरुवारी चेक द्यायचं ठरलं.

तू फोनवर रडवेली झाली होतीस. हिशेब दिले, कागद दिले, पण काम पाहिलेल्या तिघांची मतं लागतात, त्यातली दोनच पोचली म्हणतात. "ताई, तू तुझं पाठवलंस ना गं?" मी म्हटलं, "केव्हाच!" आणि तू लगेच विश्वास ठेवलास. त्याचाही मला राग आला.

धाकटे, माझ्या मताचा फॉर्म नोव्हेंबरपासून माझ्या कपाटात, टॉवेलांच्या खाली होता.

तेव्हा नोव्हेंबरात तुझ्या शेडमध्ये मी 'सहज' आले नव्हते. खोट काढायला आले होते. तू चहा सांगायला गेलीस तेव्हा मी एक खुर्ची उलटी केली, बैठकीची शिवण नखाने ओढून पाहिली. दुहेरी टीप, एक टाका सुटलेला नाही. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. तेवढ्यात तुमच्याकडे कामाला येणारे ते बसचालक काका दुरुस्त झालेल्या खुर्चीत स्वतः बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "डावीकडे ओढतेय, पुन्हा खोला." गिरणीत मला आयुष्यभर असा एक माणूस मिळाला नाही. किती जळफळाट झाला म्हणून सांगू! घरी येऊन मी फॉर्म उघडला आणि पुन्हा घडी घालून ठेवला.

मला तुझा हेवा वाटतो. आईला डॉक्टरकडे मी नेते, रांगेत मी उभी राहते, आणि ती आत जाऊन डॉक्टरांना तुझ्याबद्दल सांगते. तू दोन महिन्यांनी येतेस तर ती पडदे धुवायला काढते. पैसेसुद्धा तुलाच मिळाले असते तर माझ्या वाट्याला काय, सांग ना!

आज सकाळी आईने विचारलं, "धाकटीकडचं कोणाचं मत राहिलं असेल गं?" मला खोटं बोलवेना. टॉवेल उचलले आणि फॉर्म तिच्यापुढे ठेवला. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने चष्मा लावला, फॉर्म सुलटा-उलटा पाहिला आणि म्हणाली, "इथेच बस आणि भर." गुरुवारचा चेक तिने थांबवलाय, तुझा निकाल येईपर्यंत. निकाल वाईट आला तर तुला द्यायचं नाही, हेही तिनेच बजावलं.

दोन तास लागले. शिवण, चाकं, काका, सगळं लिहिलं, एक शब्द वाढवला नाही. शेवटचा प्रश्न होता: संस्थाचालकांशी आपले नाते, आणि मतावर परिणाम करील असे काही आहे का? कदाचित यामुळे ते माझं मत धरणारही नाहीत. तसं झालं तर दुसऱ्या कोणाचं तरी मत घे, आणि मला हवं तेवढं रागाव. मी लिहिलं ते असं:

'सख्खी थोरली बहीण. तिच्यावर जळते. खोट शोधायला गेले होते, सापडली नाही.'

तुझी,
जिने चार महिने उशीर केला ती,
ताई