ज्योतिष्याचा डोळा

३ एप्रिल, गुरु.

सकाळपासून पुन्हा पीं पीं. यंत्राला उपग्रह दिसेनासा झाला की पिवळा दिवा लागतो आणि ते कोकलायला लागतं. वाऱ्यानं वायर जरा हलली तरी कोकलतं. वैतागून आवाजच बंद करून टाकला. दिवा आहे की, तो दिसतोच.

बसवताना सगळ्यांनी नारळ फोडून झेंडूचा हार घातला होता, तो अजून तसाच. काढू देत नाहीत.

तांबोळी मामांनी त्याचं नाव 'ज्योतिषी' ठेवलंय. "आभाळाकडं बघून पुढचं सांगतंय, म्हंजी ज्योतिषीच की." आता सगळं वीज उपकेंद्र तेच म्हणतं. वरिष्ठांशी वर्षभर भांडून आणलेलं यंत्र आणि हे नाव! राग यायला हवा होता, हसू आलं. मामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, त्यांच्यावर कुणाला रागावताच येत नाही.

चहाच्या वेळी म्हणाले, "ताई, तुमी कोन कोन करताय ते नक्की काय हाय?" सांगितलं. ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडतात ना, तसं आपलं आणि इंदापूरच्या बाजूचं वीजजाळं तारेनं जोडलेलं. ओझं वाढलं की मागची ट्रॉली तिरकी व्हायला लागते. किती तिरकी, तो कोन. फार झाला की जोड तुटतो आणि दोन्ही पलटी, सगळीकडे अंधार. पण मोजायचं तर दोन्ही ट्रॉल्या अगदी एकाच क्षणी बघायला पाहिजेत. म्हणून दोन्हीकडच्या यंत्रांची घड्याळं उपग्रहावर लावलेली. आपल्या यंत्राचा डोळा म्हणजे छतावरचा तो पांढरा गोळा.

"लय महाग आसंल?"

"मामा, तो फुटला तर माझी नोकरी गेली समजा."

चेष्टेत म्हणाले मी. मामा मात्र मान वर करून छताकडे बघत बसले.

१२ एप्रिल, शनि.

गारपिटीचा इशारा होता आणि चक्क खरा निघाला. कन्हेरीकडे जास्त झाली म्हणे, आमच्याकडे बोराएवढ्या गारा, पाच-दहा मिनिटं. सगळ्यांनी गाड्या शेडमध्ये कोंबल्या. मी तेव्हा साहेबांशी फोनवर भांडत होते, चाचणीचं सामान अजून आलेलं नाही. मामा गुडघा धरत जिन्यावरून खाली आले, भिजलेले. "ताई, ज्योतिष्याची सोय केलीय बरं का. आता किती बी गारा पडू द्या." मी फोनवर हात ठेवून "हो हो, बरं" म्हणाले आणि परत भांडायला लागले.

सामान पुढच्या महिन्यात. म्हणजे दिवाळीत.

जेवणाच्या सुट्टीत मामांचा रोजचा फोन. त्यांची थोरली बहीण, आपा. इंदापूर तालुक्यात सासर. आई लवकर गेली, मामांना हिनंच अंगाखांद्यावर वाढवलं. आता फुप्फुसं निकामी, घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असते. मामा फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की फोनशिवायही तिला ऐकू जाईल. "आपा, जेवलीस का? मी काय हितं उपाशी हाय व्हय, तू तुझं बघ की!" पलीकडून ती काहीतरी बोलते आणि मामा लहान पोरासारखे लाजतात.

१५ एप्रिल, मंगळ.

कोन सरकतोय. परवापासून. हळू, पण एकाच दिशेनं.

ऊन मरणाचं, घरोघरी कूलर, शेतात मोटारी. लोड वाढला असणार. खरं लिहायचं तर भीतीच्या आधी मला आनंद झाला. ज्यासाठी हे यंत्र आणलं ते डोळ्यासमोर दिसतंय. साहेब म्हणायचे, तुमचं खेळणं. आता बघा म्हणावं खेळणं.

१६ एप्रिल, बुध.

दुपारी मर्यादा ओलांडली. सगळीकडच्या विजेचा लोड सांभाळणाऱ्या भारप्रेषण केंद्राला फोन केला. तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, यंत्र तुमच्याकडे, आम्हाला इथून दिसत नाही. खरंच वाढत असेल तर लोड कमी करा." कोन अजून वर. मी मामांना म्हणाले, इंदापूरकडच्या गावांना वीज नेणारे दोन्ही फीडर काढा.

मामांचा हात स्विचवर गेला आणि थांबला. "दोन्ही, ताई?"

"दोन्ही. लवकर."

फिरवला. बाहेर ब्रेकर धाडकन वाजला, मग दुसरा. कोन वाढायचा थांबला. अर्ध्या तासानं हळूहळू परत चालू केलं. साहेबांचा फोन, 'शाब्बास'. चहा, भेळ. मी खूष होते. ते लिहायला पाहिजे, खूष होते.

संध्याकाळी. आपा गेली.

लाईट गेली तेव्हा घरात सून एकटी. सिलिंडर भरलेला होता, उघडायचा पाना सापडेना. शेजारच्याचा पाना आणेपर्यंत सगळं संपलं.

मामांना फोन आला तेव्हा त्यांच्या हातात भेळेचा कागद होता. तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि निघाले.

ते गाव त्याच फीडरवर आहे. मामांना स्विच फिरवताना माहीत होतं. "दोन्ही?" म्हणून ते का थांबले ते मला आत्ता कळतंय. आणि तरी फिरवला, मी सांगितलं म्हणून.

१७ एप्रिल, गुरु.

मयतीला गेले. बायकांच्यात बसले. सून भिंतीला टेकून, कोण आलं कोण गेलं तिला कळत नव्हतं. कोपऱ्यात ते मशीन, नळी अजून लावलेली. लाईट होती. पंखा फिरत होता.

निघताना मामा दारात भेटले. मी रडायलाच लागले. तर उलट तेच मला समजवायला लागले. "तुमी रडू नका ताई. दोन फीडर काढलं म्हणून समदा मुलूख वाचला. आपाला सांगितलं आसतं तर तिनंच म्हटलं आसतं, फिरव म्हणून."

बाहेर बसलेल्या पाहुण्यांनाही ते हेच सांगत होते. पाहुणे माझ्याकडे आदरानं बघत होते.

१९ एप्रिल, शनि.

आज सकाळी कोन इतका होता की असूच शकत नाही. एवढा असता तर जोड केव्हाच तुटला असता, एमआयडीसीतल्या दूध डेअरीपासून माझ्या मिक्सरपर्यंत सगळं बंद पडलं असतं. आणि डोक्यावर पंखा चालू. मी बराच वेळ पंख्याकडेच बघत होते.

मग तारेतून जाणारी वीज बघितली. रोजच्याएवढीच. १६ तारखेचीही रोजच्याएवढीच. ओझं वाढलंच नव्हतं तर ट्रॉली तिरकी कशी होईल? हे मी त्याच दिवशी बघायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरानं बघितलं असतं. मला बघायचंच नव्हतं, मला माझं यंत्र खरं ठरवायचं होतं. आणि नोंदीत बघितलं तर कोन थांबलाही नव्हता. फीडर काढल्यावरही तो सरकतच होता, तशाच गतीनं. थांबला असं मला दिसलं, कारण मला तेच बघायचं होतं.

वाळून खाली घसरलेला हार बाजूला केला. मागं पिवळा दिवा लागलेला. किती दिवस, देव जाणे. आवाज मीच बंद केलेला.

छतावर गेले.

पांढऱ्या गोळ्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलेलं. उडू नये म्हणून वर दगड. गोळ्याला चरा पडू नये म्हणून आतून कांद्याच्या गोणीचा तुकडा, सुतळीनं नीट बांधलेला. इतक्या मायेनं केलेलं काम मी या उपकेंद्रात बघितलेलं नाही.

बारा तारखेपासून आमचं घड्याळ घमेल्याखाली होतं. उपग्रह दिसत नाही म्हटल्यावर ते आपल्या मनानं चालत राहिलं आणि थोडं थोडं चुकत गेलं. तोच सरकणारा कोन. ट्रॉली सरळच चालली होती.

घमेलं काढलं. खाली येईपर्यंत दिवा विझला, थोड्या वेळात कोन जागेवर.

म्हणजे आपा कशासाठीच गेली नाही. फुकट गेली.

घमेलं बॅटरी रूममध्ये खोक्यांच्या मागं लपवलं. का लपवलं माहीत नाही.

२१ एप्रिल, सोम.

संजयला सांगितलं. तो भाजी निवडत होता, तसाच बसला. मग नवऱ्यांना सुचतं तेच सुचलं त्याला. "गप्प बस. गेलेली परत येणारे का?"

म्हटलं, यंत्र झाकलं कुणी, स्विच फिरवला कुणी? दोन्ही मामांनी. कळलं तर तो माणूस जगेल का?

"मग झालं तर. उत्तर तूच दिलंस."

"आणि हुकूम कुणी दिला? आवाज कुणी बंद केला?"

मेथी तशीच राहिली. रात्री पिठलं केलं.

२३ एप्रिल, बुध.

साहेबांनी वर पाठवायची टिपणी तयार केलीय. 'नवीन यंत्रणेमुळे संभाव्य मोठा बिघाड वेळीच टळला.' खाली माझं नाव, मामांचं नाव. मामांचा सत्कार करायचा म्हणतात. मला म्हणाले, सही करा. मी "वाचते आणि करते" म्हणाले. केली नाही. खरं काय घडलं तेही बोलले नाही. पर्समध्ये घालून घरी आणलीय, पर्स उघडायचं धाडस होत नाही.

२८ एप्रिल, सोम.

मामा ड्यूटीवर आले. दाढी पांढरी झालीय की आधीच होती, आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीत सवयीनं फोन काढला, चष्मा लावला, आणि परत खिशात ठेवला. मग भाकरी मोडून तशीच डब्यात ठेवली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

नंतर माझ्या टेबलाशी आले. "ताई, साहेब म्हणत हुते, आणखी दोन ठिकाणी आसलं यंत्र बसणार हाय. मी जाऊन तितल्या पोरांना शिकवायचं, कसं जपायचं ते. म्हटलं जातो की. आपाच्या नावानं तेवढंच."

मला म्हणायचं होतं, जाऊ नका. म्हणाले, "बरं."

मामा तिथं जाऊन काय शिकवतील ते मला माहीत आहे. जिथं जिथं तो पांढरा गोळा असेल तिथं तिथं एक घमेलं. संजयचं 'गप्प बस' इथं संपतं. पण सुरुवात कुठून करू? तीनदा त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले.

२ मे, शुक्र.

दुपारी पुन्हा आभाळ काळं झालं. मोबाईलवर इशारा, गारा. मी खिडकीतून बघितलं तर मामा आवारातून येत होते, डोक्यावर नवं कोरं घमेलं, काखेत गोणपाट. जिन्याकडेच.

पळत गेले. "मामा, थांबा."

"जुनं कुणी तरी नेलं बघा, ताई. लोक बी काय, घमेलं सोडत न्हाईत. आज मंडईच्या मागनं हे घेतलं."

मी त्यांना बॅटरी रूममध्ये आणलं. खोक्यांच्या मागून जुनं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. सुतळी, कांद्याच्या गोणीचा तुकडा, सगळं तसंच.

"आरं, हे तुमच्याकडं हुतं व्हय? मग सांगायचं न्हाय का." हसले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचे थांबले. "मग ज्योतिष्याला उघडाच ठिवला? गारा आल्या तर?"

"मामा, बसा."

बसले. पालथ्या खोक्यावर. नवं घमेलं मांडीवर.

मी म्हणाले, "त्याचा डोळा झाकला की त्याला आभाळ दिसत नाही. घड्याळ चुकायला लागतं. मग तो सांगतो ते..." एवढं तरी एका दमात म्हणाले.

मामांनी बोटानं जुन्या घमेल्यातली सुतळीची गाठ चाचपली, आपलीच आहे का बघावी तशी. पत्र्यावर गारा वाजायला लागल्या. मग हळू आवाजात म्हणाले,

"कवापासून, ताई?"

बारा तारीख सांगितली की सोळा तारीख त्यात आलीच. गारांच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. त्यांनी परत विचारलं नाही.

उद्या त्यांची सकाळची पाळी आहे. माझीही.