वाहून न गेलेला पूल

प्रिय अहो,

लग्न ठरल्यावर तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. त्यात 'प्रिय' लिहून खोडलं होतं, आई वाचेल म्हणून. त्यानंतर थेट आजच. मधल्या काळात तुम्ही कायम हाकेच्या टप्प्यात होतात, कागद वाया घालवायची वेळ आली नाही. आता तुम्ही सुतळी आणायला गेला आहात, आणि चार दुकानं पालथी घातल्याशिवाय तुम्ही सुतळी घेत नाही, तेव्हा मला लिहायला वेळ आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा प्रदर्शनाच्या हॉलमध्ये असाल. डोंगर, स्टेशन, शेड, रूळ सगळं जोडून झालं की मग हे शेवटचं, पुलाचं खोकं उघडाल. आधी एखादी खुर्ची बघा आणि बसून वाचा. उभ्याने वाचलंत तर पाठ धरेल, आणि मलम मलाच लावावं लागेल. मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा राग भांड्यांच्या आवाजावरून ओळखायची तुम्हाला सवय, आणि कागदाला आवाज नसतो.

तुमच्या त्या छोट्या गाडीला मी कधी नावं ठेवली नाहीत. त्या खोलीतल्या खाटेवर फळी टाकून तुम्ही रूळ मांडायला घेतलेत, तेव्हाही गप्प बसले. वन्सं म्हणाल्या, दादाला या वयात खेळणी सुचतायत, तर मीच त्यांना म्हटलं, बाहेर पत्ते कुटत बसण्यापेक्षा बरं की नाही. रद्दी विकायची सोडून तुमच्या डोंगरांना दिली. उकळलेली चहापत्ती वाळवून, चाळून दिली, तिची तुम्ही जमीन केलीत. झिजलेले ब्रश दिले, त्यांचं गवत झालं. हिरवा स्वेटर मागितलात, झाडांसाठी, तो मात्र दिला नाही. का नाही, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

तुम्ही गाडीसाठी रचलेला तो इतिहास मला स्तोत्रासारखा पाठ झाला आहे. खरं काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पूर आला, पूल गेला, आणि एवढ्याशा गाडीसाठी पुन्हा पूल कोण बांधतो म्हणून वरच्या साहेबांनी लाईनच बंद केली. मामंजी तिथले स्टेशनमास्तर, त्यांना शहरातल्या कचेरीत एक टेबल मिळालं आणि तुम्ही सगळे डोंगर उतरून खाली आलात. तुमच्या इतिहासात मात्र पूल बांधणाऱ्याने कंजूषपणा केला नाही. त्याने पूल थोडा वर, कातळावर बांधला. पूर आला, पाणी खालून गेलं, गाडी वरून गेली. एवढी एकच गोष्ट बदलायची, मग तिच्यामागून जे जे येईल ते तसंच्या तसं येऊ द्यायचं, हा तुमचा नियम. घड्याळदुरुस्तीवाले तुमचे मित्र बोगद्याच्या तोंडाशी एक किल्ला ठेवू या म्हणाले, तर तुम्ही त्यांना केवढं सुनावलंत. मनाला येईल ते घुसडलं तर तो इतिहास नाही, थाप झाली म्हणे. बिचाऱ्यांनी हातातला पुठ्ठ्याचा किल्ला मुकाट्याने पिशवीत टाकला. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. माणूस खेळतानासुद्धा खोटं बोलत नाही, असं वाटलं.

परवा संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना घरी बोलावून गाडी दाखवलीत. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. समोरच्या शिक्षिकाबाई खाली वाकून बघत होत्या. स्टेशनमास्तरच्या क्वार्टरपुढे एक बाई कपडे वाळत घालत होती, नखाएवढी. स्टेशनमास्तर तुम्हीच होतात, मामंजींच्या जागी. बाईंनी कौतुकाने विचारलं, या आमच्या वहिनीच ना. आणि तुम्ही मान वरसुद्धा न करता म्हणालात, छे, ही तिथे कशी असेल? पूल शाबूत, म्हणजे लाईन चालू, म्हणजे आम्ही खाली आलो नाही, म्हणजे हिच्या वडिलांची वरची खोली भाड्याने घेतली नाही. मग ही कुठून येणार? ती मालगोदामाच्या कारकुनाची मुलगी आहे, तिचंच स्थळ येणार होतं मला. घड्याळवाले हसून म्हणाले, वहिनी, तुम्हाला सवत आणली की ओ यांनी, आणि तीही विनाखर्चाची. सगळे हसले. मीही हसले आणि साखर कमी वाटली तर सांगा म्हटलं. त्या जगातली माती माझ्या चहाची, आणि मीच तिथे नाही. पण खरं सांगते, राग त्याचा नाही. तुम्हाला वाटलं असेल, बाईमाणूस, सवतीवरून धुसफुसतेय. ती कारकुनाची मुलगी सुखाने कपडे वाळत घालो. ओले पिळून घालत नाहीये ती, पण ते जाऊ दे.

काल दुपारी तुम्ही खोकी मागायला किराणावाल्याकडे गेलात तेव्हा मी त्या खोलीत गेले. झाडू मारायला जाते तशी नाही, बघायला गेले. स्टेशनाला लागून तुम्ही शाळा केली आहे, तिच्यापुढे मुलं ओळीत उभी आहेत. मी एकेकाचं तोंड बघितलं. तुम्ही त्यांना तोंडं काढलीच नाहीत, नुसते रंगाचे ठिपके आहेत, तरी बघितली. पाठीला बाक काढून उभं राहणारं, एक मोजा खाली घसरलेलं कुणी सापडतंय का म्हणून. शाळेपलीकडे दवाखाना आहे, लाल छपराचा, दारात मोटार तयार, डॉक्टर आत हजर. बाकी सगळ्या इमारतींवर तुम्ही झटपट रंग फिरवला आहे. त्या दवाखान्याच्या खिडक्यांना मात्र काचा आहेत. तिथे उभी असताना मला तुमचा नियम आठवला. पूल शाबूत, म्हणजे मी नाही. मी नाही, म्हणजे आपला भुंग्या नाही. ज्याच्यासाठी तो दवाखाना हवा होता, तो तुमच्या गावात जन्मलाच नाही.

मग मला सगळं नीट उमगलं. तुम्हाला गाडी नको होती. तुम्हाला तो ताप नको होता, तो व्हरांडा नको होता, जिथे आपण डॉक्टरांची वाट बघत बसलो होतो. तुम्ही मागे मागे जात राहिलात, त्या व्हरांड्यापासून पुलापर्यंत, आणि तिथे एक दगड हलवलात की पुढचं काहीच होणार नाही. ढेकूण झाले म्हणून घर पेटवण्यातला प्रकार झाला हा. दुःख नको म्हणून तुम्ही मुलगाच नको केलात. आणि तेही कुठे, तर त्याच्याच खोलीत, त्याच्याच खाटेवर फळी टाकून.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, मला इतिहास घडवता येत नाही. पण घरचा जमाखर्च मी लिहिते, आणि त्यातली एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. खर्च फार झाला म्हणून मागचं पान फाडता येत नाही, कारण त्याच पानावर जमाही असते. भुंग्या दिवसभर गुणगुणत घरभर फिरायचा, कानात बोळे घालावेसे वाटायचे. तुमच्या पायावर पाय ठेवून चालायचा आणि तुम्ही दोघं एका माणसासारखे स्वयंपाकघरात यायचात. ती जमा कुठल्या पानावर धरलीत तुम्ही? मीसुद्धा भांडले आहे. रोज दिवा लावताना देवाला असं काही बोलले आहे की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. पण त्याच्या तोंडावर बोलले. दार लावून दुसरी दुनिया उभारली नाही, की जिथे देवाचं काही चुकलंच नाही.

तो गेल्यापासून तुम्ही एकदाही त्याला हाक मारल्यासारखं त्याचं नाव घेतलं नाहीत. 'ती खोली' म्हणता. 'तेव्हा' म्हणता. मला वाटायचं, पुरुषांचं असंच असतं, आतल्या आत जिरवतात. मी वाट बघितली. तुम्ही मात्र वाट बघत नव्हतात, तुम्ही रूळ टाकत होतात. आणि मी एकटीच त्याची आई राहिले, बाप नसलेल्या मुलाची.

आता या खोक्याचं. आत पूल नाही, हे एव्हाना कळलं असेल. वजन भरावं म्हणून जुन्या चादरीत आपली बंद पडलेली इस्त्री गुंडाळून ठेवली आहे. ती परत आणा, मूठ अजून कामाची आहे. पूल घरी आहे. मोडला नाही, ओरखडाही नाही, तुमची मेहनत मला दिसते. त्या खोलीत तो भुंग्याच्या हिरव्या स्वेटरवर ठेवला आहे. तुमची गाडी नदीपर्यंत येईल आणि थांबेल. लोक विचारतील, पूल कुठे गेला. तेव्हा त्या माणसांसमोर, घड्याळवाल्यांसमोर, खरं काय ते सांगा. पूल वाहून गेला, म्हणून आम्ही खाली आलो, म्हणून वरच्या खोलीत राहिलो, म्हणून लग्न झालं, म्हणून आम्हाला एक मुलगा झाला. मग त्याचं नाव सांगा. भुंग्या नको, शाळेच्या हजेरीतलं, पूर्ण. घड्याळवाल्यांना ते माहीत आहे, तुम्ही ते घेतलंत की नाही, हे ते मला खोटं सांगणार नाहीत. तेवढं करून या. पूल मी स्वतः तुमच्या हातात देईन, हवा तिथे लावा. बाहेर तुमच्या पावलांचा आवाज आला. सुतळी मिळालेली दिसते.

पूल वाहून गेला म्हणून तुमची झालेली, आणि म्हणून अजूनही तुमचीच,

भुंग्याची आई