नदीकडचा प्लॉट

दादा,

सर आपल्या घरात राहायला आलेत. तुम्ही शिकवायचात त्या शाळेतले चित्रकलेचे सर, ज्यांच्याशी तुम्ही प्लॉट बदलून घेतलात ते. नदीनं त्यांचं घर खाल्लं. पुढच्या भिंती उभ्या आहेत, पण आत कमरेइतका गाळ, आणि मागची खोली खचून पाण्यात गेली. तुम्ही हयात असताना या नदीत शेरडं चरायची, पोरं क्रिकेट खेळायची. यंदा वर पाऊस कोसळला आणि दुपारपर्यंत ती बाजारतळावर आली. आपली जमीनच तशी, सगळी सपाट आणि काळी. नदीला धड काठ नाही, तिला अडवायला कुठं चढ नाही, आणि काळी माती एकदा फुगली की वरून येईल ते पाणी पसरतच जातं. आपला माळ तेवढा उंच, तो कोरडा राहिला. म्हणून सर आपल्याकडे, आणि म्हणून तुमच्या लेकीच्या डोक्याला घोर.

तुम्हाला तो दुष्काळ आठवत असेल. शिक्षकांच्या गृहनिर्माण सोसायटीनं प्लॉटच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा सगळ्यांचा डोळा नदीकडच्या प्लॉटवर होता. तिथं विहिरीला पाणी लागणार, माळावर नुसता मुरूम. आणि नेमका तोच आपल्या नावावर निघाला. पेढे आणायचे सोडून तुम्ही चप्पल न काढता दारातच आईला म्हणालात, "चिठ्ठी निघाली का काढली? पंगतीत आपल्याला कवा कुणी आधी वाढलंय?" आई म्हणाली, "घ्या की गप. चांगलं झालं तरी तुमच्या पोटात दुखतंय." पण तुम्ही कसले ऐकताय. साक्षात पाऊस आला असता तरी तुम्ही त्याला विचारलं असतं, कुणी पाठवलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं प्लॉटवर आहोत. मी टोपली धरलीय, तुम्ही टिकाव मारताय. गुडघाभर काळी माती, मग वाळू. बारीक, धुतल्यासारखी, आणि तिच्यात गोगलगायीचे शंख. एक शंख तुम्ही चिमटीत धरून बराच वेळ बघत बसलात. मग खड्डा बुजवलात, पायानं माती दाबलीत, आणि वरून वाळलं गवत पसरलंत. मी विचारलं, "दादा, कावून बुजवलं?" तर म्हणालात, "उघडा खड्डा बरा न्हाई. जनावर पडतंय." महिन्याच्या आत माळावरचा सरांचा प्लॉट आपला झाला आणि आपला त्यांचा. सर घरी आले, तुमचे हात धरून म्हणाले, "गुरुजी, सख्खा भाऊ एवढं करणार न्हाई." आईनं त्यांना चहा दिला. तुम्हाला दिला नाही.

जनावर पडू नये म्हणून खड्डा बुजवतात, हे मला पटतं. पण गवत कशाला पसरलंत, दादा? पूर ओसरल्यापासून माझ्या मनात हेच घोळतंय. अख्ख्या शाळेत आपल्या डब्यातली भाकरी मोडून खाणारा तो एकच माणूस. बाकीचे तुम्ही हात लावलेला तांब्या विसळून घ्यायचे. मग फसवायला तुम्हाला तोच सापडला का? असं मनात आलं की माझा मलाच राग येतो, आणि तरी येतंच.

काल जेवायला वाढताना मी विचारलंच. "सर, प्लॉट बदलताना दादा काही बोलले होते?" सर आमटीत भाकरी चुरत होते. म्हणाले, "बोलले की. म्हणले, सर, खाली वाळू लागलीय, नदी कवातरी इथून गेलेली हाय, इचार करा. मी म्हणलो, गुरुजी, वाळू लागली म्हंजे पाणी लागलं, आजून काय पायजे? टँकरमागं घागर घेऊन पळणाऱ्या माणसाला पुराचं भ्या कुणी घालावं? मला तर लई हसू आलतं." आणि आणखी आमटी मागितली.

छातीवरचा धोंडा उतरला. पण ताटं विसळेपर्यंतच. घराचा पाया खणताना त्यांनी वाळू स्वतःच पाहिलेली असणार, मग तुम्ही सांगितलं नसतं तरी वाळूचं त्यांना ठाऊकच. आणि आपल्या छपराखाली राहणारा भला माणूस, तुमच्या लेकीला दुसरं काय सांगेल? तिचं मन राखायला तो खोटंसुद्धा बोलेल. तेवढा भला तो आहेच.

आज सकाळी सर अंगणात दाढी करत बसले होते. "दादांनी तुम्हाला काही दाखवलं होतं का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यावर ते आपणहून शंख म्हणाले असते, तरच खरं; तुम्ही तो उचललात हे आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. प्रश्न ओठापर्यंत आला होता. मी त्यांना गरम पाणी देऊन आत आले.

हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, सरांना तर नाहीच. पण तुम्हाला सांगते दादा, तुमची लेक भाजीची जुडीसुद्धा उलगडल्याशिवाय घेत नाही. ते बोलले ते खरं असावं, असं मला इतकं वाटतंय, की आता मी विचारणारच नाही.