लिंबाची माती

रविवार, १२ मार्च

चि. बयो,

अनेक आशीर्वाद.

पत्र गुरुवारी मिळालं. इकडे दोघं ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरायला घरात कुणीतरी हवंच. तुझ्या सासूने (माजी म्हणायचं का आता? मला जमत नाही) दूधवाला बदलला. जुन्याच्या दुधाला आपल्या नळाच्या पाण्याची चव येते म्हणे.

आधी लिंबाचं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, फुलं आली तशी गळाली, असं तू लिहिलंस. शेजारीण मूठभर खत घालायला सांगते आणि तू विचारतेस, माती न बदलता नुसत्या खतावर भागेल का?

नाही भागणार. कुंडीतल्या मातीतलं शेणखत, पालापाचोळा दोन-तीन वर्षांत कुजून बसतो. मग पाणी निचरत नाही, मुळांना श्वास घेता येत नाही. बोट खुपसून बघ. वर कोरडं, खाली चिखल आणि आंबूस वास आला, की मुळं सडू लागली समज. अशा झाडाला खत घालणं म्हणजे पोट बिघडलेल्याला आग्रह करकरून वाढणं.

तू का विचारलंस ते मला कळलं. ती माती आमच्या लेकाने भरली होती.

तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आपल्या या हौशी माळीबुवांनी गच्चीवर उलट्या बादलीवर बसून तिन्ही कुंड्या भरल्या. लिंबू, मोसंबी, संत्रं. पुढच्या उन्हाळ्यात ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. लिंबू तू नेलंस, ते बरं केलंस. राहिलेल्या दोघांचं तुला आजवर कळवलं नाही.

मोसंबी गेली.

गेल्या वर्षीच पानं गळायला लागली होती. मी ताडपत्री पसरली, खुरपं घेतलं, तर ही येऊन कुंडीला टेकून बसली. "त्याच्या हातची माती आहे. कुणी हात लावायचा नाही." मी ताडपत्री गुंडाळून ठेवली. मग वरून जे जे घालता येईल ते घातलं. पातळ खत, लोहाची पूड, सगळं. पानं गळतच राहिली. शेवटी खोड धरून ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं काळी पडली होती, भिजलेल्या सुतळीसारखी सुटून येत होती. ही दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिनेच ताडपत्री आणली. "संत्र्याची काढा," म्हणाली.

"सगळी?"

"सगळी. मुळांना चिकटलीय तेवढी राहू दे."

सगळी माती तिने स्वतःच्या हाताने काढली, मला हात लावूच दिला नाही. रात्री जेवायला बसली तेव्हाही नखांत माती तशीच होती.

संत्र्याला आता नवी पालवी आहे. तेव्हा तूही तसंच कर. बागेतली माती घेऊ नकोस, ती कुंडीत दगडासारखी बसते. झाडाच्या सालीचे बारीक तुकडे निम्मे घे. उरलेल्या निम्म्यात धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाडी वाळू आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट सारख्या मापाने घे. काळी, मऊ मुळं कापून टाक. कुंडी एकच माप मोठी, खाली भोकं मोकळी. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. नवा फुटवा दिसेपर्यंत खत नाही. मग लिंबूवर्गीय झाडांचं म्हणून मिळतं ते आण, ज्यात नत्र जास्त आणि लोह, जस्त, मँगनीज असतं. थोडं थोडं घाल, आणि माती ओली असतानाच.

काढलेली माती फेकवणार नाही. फेकू नकोस. अंगणात झाड असेल तर त्याच्या बुंध्याशी पसर. हिने तेच केलं.

आणि कुंडी तू उचलायची नाही. तुझ्या नवऱ्याला सांग. झाड कुणाचं ते त्याला ठाऊक आहे. तुला न्यायला आला तेव्हा टेम्पोच्या मागच्या बाजूला बसून त्याने ती कुंडी दोन्ही हातांनी धरली होती. मी खिडकीतून पाहिलं. चांगला माणूस आहे.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात तू लिहिलंस, सातवा लागला.

हिला मी पत्र लिंबापर्यंतच वाचून दाखवलं आणि घडी घातली. तुझा काय तो प्रश्न तेवढाच, म्हणालो. आज हे लिहायला बसलो तर पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "सातव्यात उकिडवं बसून माती भरायची नाही, असं लिहा तिला." कधी वाचलंन कोण जाणे. मग गॅस बंद करून मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

आनंद झाला, बयो. खोटं लिहीत नाही. पण त्या आनंदाला बसायला या घरात जागा सापडत नाही. आपल्याकडे पाळण्याचं बोलणं निघालं होतं, तुला आठवत असेल. येणारं मूल आमचं कुणी लागत नाही हे मी मनाला रोज सांगतो. मन ऐकतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतं.

आणखी एक. पत्राच्या सुरुवातीला तू आधी 'ति. बाबा' लिहिलंस, मग ते खोडून 'काका' केलंस. तुझी अडचण समजते. त्या घरातही एक बाबा आहेत, आणि एका मुलीने किती बाबा सांभाळायचे? काका चालेल. फक्त खाडाखोड करू नकोस. खोडलेलं आधी वाचलं जातं.

तब्येतीला जप. उत्तराची घाई नाही.

तुझे,
काका